विंडोज १० संपलं, आता वाशिमच्या टेबलावरच्या मशीनचं काय? ड्युअल बूटचा खरा हिशेब

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्या दिवशी एकही मशीन बंद पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाशिम, रिसोड, कारंजा, मानोरा कुठंही दुकान उघडलं, बटण दाबलं, की नेहमीचा निळा पडदा आला आणि काम सुरू झालं. त्यामुळे आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चाच झाली नाही. थांबलं ते एवढंच, की दर महिन्याला येणारे मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले. म्हणजे यापुढे विंडोज १० मध्ये नवीन भोक सापडलं, तर ते बुजवायला कुणी येणार नाही. ज्यानं मुदतवाढीसाठी नोंदणी केली त्याची गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे बोलतो.

तेव्हापासून मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच आहे: "सर, एकाच मशीनवर विंडोज पण ठेवायचं आणि लिनक्स पण टाकायचं, जमते का?" जमतं. पण कुणाला जमेल, कुणाला नाही, आणि ज्याला जमेल त्यानं कुठलं काम कुठल्या बाजूला करायचं, हे आधी ठरवलं नाही तर महिनाभरात लिनक्सची बाजू धूळ खात पडते. हे अनेक ठिकाणी झालेलं मी पाहिलंय.

आपल्याकडची मशीन कोणती आहेत?

विंडोज ११ ला साधारण इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर किंवा त्यापुढचा, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू शकणारा मदरबोर्ड लागतो. आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. आता आपल्या जिल्ह्यातल्या दुकानात, शाळेत, टायपिंग क्लासमध्ये डोकावून बघा. एच६१ मदरबोर्ड, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय३, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. असे असेंबल पीसी दहा-बारा वर्षं झाली तरी चालतायत. पार्ट लागला की लोक अकोला गाठतात. १९९८ मध्ये वाशिम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला खरा, पण कॉम्प्युटरच्या पार्टांना ते अजून कळलेलं नाही!

ही मशीन अधिकृतपणे विंडोज ११ वर जाऊ शकत नाहीत. "रूफस वापरून पेनड्राइव्ह बनवा, अट काढून टाका" असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तसं इन्स्टॉल होतं. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगतं, आणि वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, ती दर वेळी हातानं चढवावी लागते. फार जुनी कोअर टू ड्युओ असेल तर २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ बूटच होत नाही, कारण लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरला येतच नाहीत. घरच्या खेळाच्या मशीनवर करा हवं तर. ज्या मशीनवर दुसऱ्याचं आधार कार्ड स्कॅन होतं, तिथं मी हा मार्ग सांगणार नाही.

नवीन घ्या म्हणावं, तर गेल्या वर्षाच्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी आहे आणि कंपन्यांनी उत्पादन तिकडं वळवलंय. त्याचा भार रिसोडमधल्या गिऱ्हाइकाच्या कोटेशनवर पडतो. सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर मशीन बदलू म्हणणाऱ्याला यंदा तो हिशेब जड जातोय.

ड्युअल बूट म्हणजे नेमकं काय होतं

कॉम्प्युटर चालू झाला की मदरबोर्डमधला छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो आणि डिस्कवर "पुढची सूत्रं कुणाकडं द्यायची" हे शोधतो. जुन्या पद्धतीत, ज्याला आपण लेगसी म्हणतो, डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या जागेत एकच बूटलोडर बसतो. जो शेवटी इन्स्टॉल झाला, त्याचा. म्हणून आधी विंडोज आणि मग लिनक्स हा क्रम सांगतात. उलटं केलं तर विंडोज लिनक्सचा बूटलोडर पुसून आपला बसवतं आणि लिनक्स डिस्कवर असूनही दिसत नाही. नव्या, म्हणजे यूईएफआय पद्धतीत डिस्कवर एक लहान वेगळं पार्टिशन असतं. त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमचा बूटलोडर आपापल्या फोल्डरमध्ये राहतो आणि कुणाला आधी उठवायचं याची यादी मदरबोर्ड ठेवतो. भांडणं इथं कमी होतात, पण संपत नाहीत.

लिनक्सचा बूटलोडर बहुधा ग्रब असतो. तो चालू होताना यादी दाखवतो: उबुंटू किंवा मिंट, खाली विंडोज. बाण हलवायचा, एंटर मारायचा. एका वेळी एकच सिस्टीम चालते. दुसरी हवी तर रीस्टार्ट. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण कुणाला ड्युअल बूट जमेल हे तिथंच ठरतं.

(क्रोम ओएस फ्लेक्सबद्दलही विचारणा होते. ते ड्युअल बूट होत नाही, अख्खी डिस्क घेतं. विषय संपला.)

कुठलं काम कुठल्या बाजूला

लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापणाऱ्याचं उदाहरण घेऊ. त्याचं पोट कोरलड्रॉ आणि श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टवर आहे. हे लिनक्सवर नीट चालत नाही, कुणी काहीही म्हणो. पण नीट पाहिलं तर या कामाला इंटरनेट लागतच नाही. इंटरनेट लागतं ते गिऱ्हाइकाचा मजकूर व्हॉट्सॲप वेबवरून घ्यायला, फोटो उतरवायला, जीएसटीचं रिटर्न भरायला आणि बँकेचं खातं बघायला. ही सगळी ब्राउझरची कामं आहेत, आणि ब्राउझर लिनक्सवर अगदी तसाच चालतो. मग विभागणी सोपी आहे. विंडोज १० जागच्या जागी ठेवा, त्यात कोरल आणि फॉन्ट राहू द्या, पण नेटवर्क कनेक्शनमध्ये जाऊन त्याचं नेट डिसेबल करून टाका. इंटरनेट फक्त लिनक्समधून. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी लिनक्समध्ये लावा, लागणारी फाइल तेवढी उचला. अपडेट न मिळणाऱ्या सिस्टीमला मुख्य धोका बाहेरून येणाऱ्या गोष्टींचा असतो, आणि ते दार तुम्ही बऱ्यापैकी लावून घेतलेलं असतं.

कृषी सेवा केंद्रात टॅली असेल तर तोच न्याय. टॅली प्राइम विंडोजचंच आहे. ते विंडोजमध्ये, पोर्टलची कामं लिनक्समध्ये. शाळेचं तर आणखी सोपं: शालार्थ, युडायस प्लस ही कामं ब्राउझरमध्ये होतात. सातबारा, महाडीबीटी तसंच. फक्त डिजिटल सहीचा सातबारा उतरवल्यावर सही तपासायची सवय ॲडोबी रीडरची असते आणि तो आता लिनक्ससाठी येत नाही. ओक्युलर नावाचा वाचक सही तपासून दाखवतो.

प्रिंटरचं मात्र आधी बघा. आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या टेबलावर कॅननचा एलबीपी २९०० असतो. दणकट प्रिंटर आहे, पण लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणं डोकेदुखी आहे. नवीन माणसानं त्या भानगडीत पडू नये. एचपीचे बहुतेक लेझर आणि एप्सनचे टाकीवाले प्रिंटर बऱ्यापैकी चालतात. कॅननच असेल तर लिनक्समध्ये पीडीएफ करून ठेवायची आणि विंडोजमध्ये जाऊन छापायची, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. दिवसाला दोन प्रिंट असतील तर ठीक. वीस असतील तर लिनक्सचा नाद सोडलेला बरा.

सेवा केंद्राचं अवघड गणित

आता जिथं धोका सगळ्यात मोठा आहे, तिथं येऊ. आपले सरकार सेवा केंद्र आणि सीएससी. एका गावातल्या अर्ध्या लोकांची आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं, जातीचे दाखले, सह्या, फोटो अशा मशीनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेले असतात. पीक विमा, अनुदान, शेतकरी ओळख क्रमांक, लाडकी बहीण अशा प्रत्येक योजनेसोबत त्यात भर पडते. २०१८ मध्ये नीती आयोगानं आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, उस्मानाबाद, गडचिरोलीसोबत वाशिमचं नाव आलं. अशा जिल्ह्यात घरोघरी लॅपटॉप नसतो. लोकांचा सरकारशी जो काही ऑनलाइन संबंध आहे तो बराचसा या टेबलावरून जातो. ते मशीन फुटलं तर नुकसान केंद्रचालकाचं कमी आणि रांगेतल्या माणसाचं जास्त.

आणि नेमकं इथंच ड्युअल बूट कामाचं नाही.

कारण अंगठ्याचं मशीन. आधारशी जोडलेल्या फिंगरप्रिंट उपकरणांची आरडी सर्व्हिस मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड धरून बनलेली आहे. म्हणजे अंगठा घ्यायला विंडोज हवं, आणि त्याच वेळी इंटरनेटही हवं. वर सांगितलेली विभागणी इथं मोडते. शिवाय समोर पंधरा माणसं उभी असताना एकासाठी विंडोज, दुसऱ्यासाठी लिनक्स असं रीस्टार्ट करत बसणं शक्य नाही. जुन्या हार्ड डिस्कवर एक रीस्टार्ट म्हणजे दोन-तीन मिनिटं, लोक शिव्या घालतील.

म्हणून केंद्रचालकाला माझा सल्ला वेगळा असतो. आत्ता लगेच मुदतवाढ घ्या. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट ठेवलेत. मशीन विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर हवं, मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू केला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावरच नोंदणीची ओळ दिसते. तुमच्या मशीनवर अपडेटच बंद करून दिलेले असतील (रिपेअरवाले "मशीन हळू होते" म्हणून सर्रास करतात), तर ही ओळ दिसणार नाही. आधी ते चालू करून घ्या. आणि घरात पैसा येईल तेव्हा पहिलं नवीन मशीन या काउंटरवर ठेवा. जुनं फेकू नका. त्यावर सरळ लिनक्स टाका, ड्युअल बूट नाही, एकटं लिनक्स. फॉर्म भरणं, कागद अपलोड करणं, सातबारा काढणं ही बिनअंगठ्याची कामं दुसऱ्या खुर्चीवरून होतील आणि रांगही लवकर सरकेल.

केंद्रचालक मशीन स्वतःच्या खिशातून घेतो. सरकारी सेवा त्यावरून दिली जाते, माहिती लोकांची असते, पण ते मशीन सुरक्षित ठेवायचा खर्च कुणाचा, हे कुणी ठरवलेलं दिसत नाही. निदान अंगठ्याच्या उपकरणांना लिनक्सचा चांगला ड्रायव्हर असलाच पाहिजे, एवढी अट घालणं सरकारच्या हातात आहे. त्याला नवीन इमारत लागत नाही, निधीही लागत नाही.

ज्यांना जमेल, त्यांनी कसं करावं

सगळ्यात निर्धोक पद्धत म्हणजे दुसरी डिस्क. एच६१ बोर्डावर बहुधा चार साटा पोर्ट असतात आणि दोन तरी रिकामे. छोटी एसएसडी घ्या, लिनक्स टाकताना जुन्या हार्ड डिस्कची वायर काढून ठेवा, झाल्यावर परत लावा. मग चालू करताना बूट मेन्यूची कळ दाबून डिस्क निवडायची (डेल, लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, असेंबलला बोर्डानुसार). विंडोजला हातही लागत नाही. एसएसडीवर लिनक्स इतकं पटकन उठतं, की लोक आपोआप त्याच बाजूला जास्त बसतात. हा माझ्या मते अर्धा विजय आहे.

एकाच डिस्कवर करायचं असेल तर आपल्याकडच्या एका सवयीचा फायदा होतो. रिपेअरवाले सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडून देतात. त्यातला एक रिकामा करून तो लिनक्सला द्या. मिंटला वीस जीबी किमान लागते, शंभर दिली तर निवांत. जागा मोकळी करण्याचं काम विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच करा. इथं एक सापळा आहे: जुन्या पद्धतीच्या डिस्कवर चारच मुख्य पार्टिशन बसतात. पाचवं करायला गेलात की विंडोज विचारतं, "डिस्क डायनॅमिक करू का?" नाही म्हणा. हो म्हटलं तर लिनक्सचा इन्स्टॉलर ती डिस्क नीट ओळखत नाही आणि मागे फिरणंही सोपं नसतं.

पार्टिशन सरकवण्याचं काम चालू असताना लाईट गेली तर डेटा गेला असं समजा. बॅटरी मेलेला यूपीएस म्हणजे यूपीएस नव्हे. आपल्या फीडरचं भारनियमनाचं वेळापत्रक बघून बसा आणि त्याआधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या. दोन ऑपरेटिंग सिस्टीम असल्या तरी डिस्क एकच असते. ती मेली की दोन्ही जातात.

विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये फास्ट स्टार्टअप असतं, ते बंद करा. ते चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि त्याच्या ड्राइव्हवर लिनक्सला लिहिता येत नाही. आणि ड्युअल बूट झाल्यावर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका, सेल बदलू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच आपली वेळ समजतं. लिनक्सला "स्थानिक वेळ लिही" असं एका कमांडनं सांगता येतं. सेल बदलायला पैसे देऊन आलेले लोक मला भेटलेत.

नवीन लॅपटॉपवाल्यांनी थोडं थांबून

कॉलेजचे पोट्टे नवीन लॅपटॉपवर उबुंटू टाकतात, त्यांच्यापुढचे प्रश्न वेगळे आहेत. पहिला बिटलॉकर. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं आत गेलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद होते. मग तुम्ही बूटची सेटिंग बदलली की ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. पण ते खातं दुकानदारानं त्याच्या मोबाइल नंबरवर काढून दिलं असेल तर? आधी तपासा, की कागदावर लिहून घ्या, मगच हात लावा.

दुसरा सिक्युअर बूट. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं जगभरातल्या अनेक ड्युअल बूट मशीनवरचं लिनक्स उठायचं थांबलं. ग्रबमध्ये २०२२ साली सापडलेल्या एका भोकासाठी जुने बूटलोडर नाकारायची यादी मायक्रोसॉफ्टनं पाठवली होती. ड्युअल बूट असेल तिथं ती लागू होणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं, पण सगळी ड्युअल बूट मशीन त्यांना ओळखता आली नाहीत. पूर्ण दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडला. एका कंपनीचं अपडेट दुसऱ्याच्या सिस्टीमला दार बंद करू शकतं, ते कारण त्या दाराच्या किल्ल्या बहुतेक मदरबोर्डांवर मायक्रोसॉफ्टच्या असतात.

त्या किल्ल्याही आता बदलतायत. २०११ ची सिक्युअर बूट प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदत संपवायला लागतील आणि त्यांच्या जागी २०२३ ची येतायत. जूनमध्ये लॅपटॉप बंद पडेल अशा रील फिरतायत, त्यात तथ्य नाही. मशीन उठत राहील. पण नवी प्रमाणपत्रं मदरबोर्डात गेली नसतील, तर पुढे नव्या सहीचे लिनक्स इन्स्टॉलर सिक्युअर बूट चालू ठेवून उठणार नाहीत. विंडोज अपडेट चालू ठेवा, कंपनीनं बायोस अपडेट दिलं असेल तर करून घ्या. लेगसी पद्धतीनं चालणाऱ्या जुन्या एच६१ वाल्यांना यातलं काहीच लागू नाही.

शाळा आणि आयएसएम

केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात. राज्याची काईट ही संस्था उबुंटूवर बेतलेली आपली आवृत्ती देते. आपल्याकडं हे का झालं नाही, याची कारणं बरीच आहेत, पण मला एक नेहमी खटकतं. मराठी टायपिंगसाठी ऑफिसं आणि क्लास ज्या आयएसएमवर विसंबले, ते सी-डॅकचं. ते विंडोजसाठी. आणि सरकारी कार्यालयांसाठी २००७ पासून बॉस लिनक्स काढणारीही सी-डॅकच. एका हातानं लिनक्स दिलं आणि दुसऱ्या हातानं मराठी कारकुनाला विंडोजला बांधून ठेवलं.

युनिकोडमुळे ती गाठ आता सैल झाली आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड प्रत्येक लिनक्समध्ये आधीपासून असतो, फॉन्टही असतात. रेमिंग्टनवर हात बसलेल्या शिक्षकाला त्रास होईल, हे खरं. पण सहावीतल्या मुलाचा हात कशावरच बसलेला नाही. शाळेच्या संगणक कक्षात दहा जुनी मशीन असतील तर ऑफिसचं एक ड्युअल बूट ठेवा, नऊंवर एकटं मिंट टाका. शाळांसाठी विंडोजची मुदतवाढ पहिल्या वर्षाला मशीनमागे फक्त एक डॉलर आहे, पण ती व्हॉल्यूम लायसन्सच्या करारातून मिळते. जिल्हा परिषदेच्या एकट्या शाळेनं तो करार करायचा कसा? तो जिल्ह्यानं किंवा राज्यानं एकत्र करायचा विषय आहे. सध्या मुख्याध्यापकांच्या हातात आहे तो एक पेनड्राइव्ह. मिंट त्यावर टाका, इन्स्टॉल न करता लाइव्ह चालवून बघा. आवाज, नेट, प्रोजेक्टर, प्रिंटर चालतात का हे अर्ध्या तासात कळतं, आणि पेनड्राइव्ह काढून मशीन रीस्टार्ट केलं की ते पहिल्यासारखंच असतं.